श्यामची नवी शाळा

मराठी विभागासाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लेख दे, असे सरांनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. कारण सरळ आहे. मी नाशिकला कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेच्या आवारात मराठी बोलले की दंड व्हायचा. त्यामुळे मराठी माझी घरातली भाषा राहिली, वहीतली कधी झालीच नाही. ऱ्हस्व-दीर्घ अजूनही आईला फोन करून विचारते. तेव्हा या लेखात चुका सापडल्या तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

तरीही लिहायला बसले, कारण मला एका माणसाबद्दल सांगायचे आहे आणि एका मुलीबद्दलही. माणूस सर्वांच्या ओळखीचा आहे. मुलगी फक्त आमच्या मजल्यावरच्या चार-पाच जणींना आठवत असेल.

माणसाचे नाव पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी. आपल्यापैकी बहुतेकांना ते 'श्यामची आई'पुरतेच माहीत असतात. माझी आजी ते पुस्तक हातात घेतले की रडायची, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध होता. मागच्या वर्षी जळगावला मावशीकडे निघाले होते. आपल्या नंदुरबारहून गाडीत बसले की दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा करत गाडी अमळनेरला थांबते. शेजारच्या आजोबांनी खिडकीतून बोट दाखवून सांगितले, की साने गुरुजींची शाळा या गावात आहे. मला वाटायचे ते कोकणातले. कोकणातला माणूस खानदेशात काय करत होता, हा प्रश्न मावशीला विचारला. तिने उत्तर न देता कपाटातून तीन-चार पुस्तके काढून पुढ्यात ठेवली. सुट्टी त्यातच गेली.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगड गावचा. घराणे खोतांचे. आजोबांच्या काळात घरची स्थिती चांगली होती, पण वडिलांच्या वेळेपर्यंत वाटण्या, कज्जे आणि कर्ज यांनी घर पोखरले गेले. पांडुरंग कळता झाला तेव्हा खोताचा मुलगा हे नाव उरले होते, खोताचे घर उरले नव्हते. वडिलांना सगळे भाऊ म्हणत. आईचे नाव यशोदा. या आईने मुलाला काय दिले ते उभ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ती लाड करायची, पण नुसते लाड नाही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या मुलाला तिने शिमटीने मारत विहिरीवर धाडले आणि तो पोहून आल्यावर त्याच्या पाठीवरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून आले. मला तो प्रसंग वाचताना वाटले, की मुलाला खोल पाण्यात पाठवायचेही आणि परत आल्यावर दारात उभेही राहायचे, ही दोन्ही कामे तिने केली. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिलेच केले जाते.

आता इथून पुढची गोष्ट कमी सांगितली जाते, आणि आपल्या होस्टेलला तीच जास्त लागू पडते.

गावातले प्राथमिक शिक्षण संपल्यावर पांडुरंगला पुण्याला मामांकडे पाठवले. म्हणजे राहायला नात्यातले घर, जेवायला वेळेवर ताट, शिकायला पुण्यासारखे शहर. कुणालाही वाटेल की पोराचे भाग्य उजळले. पण त्याचे तिथे मन रमले नाही आणि तो परत पालगडला आला. गुरुजी म्हटले की आपल्याला एकदम शांत, सोशिक मूर्ती डोळ्यांसमोर येते. पण खरी गोष्ट ही आहे की साने गुरुजी पहिल्याच नव्या शाळेच्या गावात टिकले नाहीत. हे वाचून मला का कोण जाणे, बरे वाटले.

मग त्याला दापोलीच्या मिशन शाळेत घातले. आई व्रतवैकल्ये करणारी, घर सोवळ्याओवळ्याचे आणि शाळा मिशनची. कॉन्व्हेंटमधल्या माझ्यासारखीला ही गोष्ट फार ओळखीची वाटली. सकाळी घरी देवाला नमस्कार आणि तासाभरात शाळेत वेगळीच प्रार्थना, हे मीही केले आहे. पण पांडुरंग तिथे रुळला. नुसता रुळला नाही तर मराठी आणि संस्कृतवर चांगली पकड असलेला हुशार विद्यार्थी म्हणून ओळखला जाऊ लागला. कविताही त्याला आवडू लागल्या.

मी विचार केला, असे का झाले असेल? मामांचे घर आपले आणि मिशनची शाळा परकी. तरी आपल्या घरी तो बुजला आणि परक्या शाळेत फुलला. मला सापडलेले उत्तर अंतरात आहे. दापोली पालगडपासून फार लांब नाही. फार वाटले तर मुलगा चालत आईकडे जाऊ शकत होता. घर पायांच्या टप्प्यात आहे, एवढे माहीत असले तरी माणूस परक्या जागी राहू शकतो. पुणे मात्र त्या टप्प्यात नव्हते.

आम्ही सिव्हिलवाले. पूल बांधताना दोन स्लॅबच्या मध्ये एक्सपान्शन जॉइंट ठेवतात, हे आम्हाला दुसऱ्या वर्षातच शिकवतात. उन्हाने काँक्रीट प्रसरण पावते, थंडीने आकुंचन पावते. मध्ये फट सोडली नाही तर पूल मजबूत होत नाही, उलट तडकतो. तडकला की कुणी काँक्रीटला दोष देत नाही, डिझाइन करणाऱ्याला देतात. मूल नव्या शाळेत तडकले की मात्र आपण म्हणतो, पोरच कच्चे होते.

दापोलीत असतानाच घरची स्थिती आणखी बिघडली. फी आणि पुस्तके परवडेनात. शिक्षण सोडून नोकरी धरावी, असे पांडुरंगच्या मनात आले. तेवढ्यात एका मित्राकडून कळले की औंध संस्थानात गरीब मुलांच्या शिक्षणाची सोय आहे. औंध म्हणजे सातारकडचा कोरडा मुलूख. कुठे पालगडच्या माडपोफळी आणि कुठे औंधचे उघडे डोंगर. भात खाणाऱ्या मुलुखातला मुलगा भाकरीच्या मुलुखात गेला, तोही अर्धपोटी राहायला. पण या वेळी तो पळून आला नाही. सगळे हाल सोसत शिकत राहिला. शेवटी औंधला प्लेग आला आणि मुलांना घरी पाठवण्यात आले.

पुण्यात भरल्या ताटावरून उठून आलेला मुलगा औंधला उपाशी का राहिला? वय वाढले होते हे एक कारण. दुसरे मला असे वाटते, की पुण्याला त्याला पाठवले होते आणि औंधला तो स्वतः निघाला होता. स्वतः ठरवून गेलेल्या जागी माणूस जास्त सोसतो. आपल्या वर्गात बघा. घरच्यांनी ढकलले म्हणून इंजिनिअरिंगला आलेले किती आणि स्वतः आलेले किती, ते सबमिशनच्या आठवड्यात लगेच ओळखू येते.

प्लेगमुळे पालगडला परतल्यावर जे घडले ते मला सगळ्यात जास्त लागले. एका रात्री त्याने आईवडिलांचे बोलणे ऐकले. मुलगा खरेच शिकण्यासाठी धडपडतो आहे का, की शाळा टाळायचे निमित्त काढून घरी आला आहे, अशी शंका वडिलांना येत होती. वडील वाईट नव्हते. कर्जाने, अपमानाने थकलेला माणूस होता, आणि एकदा हा मुलगा पुण्याहून परत आलेला होताच. पण ज्या पोराने उपासमार सोसली त्याच्यावर असा संशय घेतला गेला. तो दुखावला आणि तडक पुण्याला निघाला. ज्या पुण्यातून लहानपणी परत आला होता, त्याच पुण्यात, पण आता मामांच्या आधाराने नाही, स्वतःच्या हिमतीवर. नूतन मराठी विद्यालयात त्याने नाव घातले. तिथेही पोटभर जेवण रोज मिळेलच असे नव्हते. तरी अभ्यासात तो पुढेच राहिला.

१९१७ साली, तो पुण्यात शिकत असतानाच, पालगडला आई गेली. शेवटची भेट झाली नाही. आईला सुख देण्यासाठी म्हणून जो शिकायला लांब गेला, त्याला त्या लांब जाण्यामुळेच आईचे तोंड बघता आले नाही. ही सल त्यांच्या मनातून आयुष्यभर गेली नाही. पुढे १९१८ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आताच्या एस.पी. कॉलेजातून, मराठी आणि संस्कृत घेऊन एम.ए.पर्यंत शिकले.

आता अमळनेर. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. तिथे अभ्यासासाठी गुरुजी आले आणि १९२४ साली तिथल्याच शाळेत शिक्षक झाले. ती शाळा प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाते. कोकणातला माणूस खानदेशात काय करत होता, या माझ्या प्रश्नाचे उत्तर हे. लवकरच त्यांच्याकडे शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी आली. आपल्या भाषेत ते रेक्टर झाले.

छात्रालयात खेड्यापाड्यांतली मुले असत. घरी अहिराणी बोलणारी, पहिल्यांदाच आईपासून लांब आलेली. रेक्टरने काय करायचे असते? हजेरी घ्यायची, दिवे बंद करायचे, दंड करायचा. गुरुजींनी वेगळेच काम केले. ते मुलांच्या खोल्या झाडत. मुलांचे मळके कपडे धुऊन टाकत. कंदिलाच्या काचा पुसून ठेवत. मुलगा आजारी पडला तर त्याच्या उशाशी बसत. उपदेशाचे भाषण न देता हे सगळे चाले. स्वतःची खोली आणि आपली खोली कोणीतरी झाडून गेले आहे, हे दोन-चार दिवस पाहिले की मुले आपणहून झाडू हातात घेत. शिवाय ते 'छात्रालय' नावाचे एक दैनिक हाताने लिहून काढत. एक एक अंक हाताने लिहायचा, तोही रोज! आपल्या मासिकाचा वर्षाला एक अंक काढताना संपादक मंडळाची किती धावपळ होते ते मी बघते आहे. पुढे 'विद्यार्थी' नावाचे मासिकही त्यांनी काढले.

मला हे सगळे वाचताना कोडे सुटल्यासारखे झाले. पुण्यात बुजलेला, औंधला उपाशी राहिलेला, घरी संशय ऐकलेला मुलगा मोठा झाला आणि त्याला नेमकी मुलांच्या होस्टेलची जागा मिळाली. आपल्याला जे मिळाले नाही, ते तो दुसऱ्यांना देत गेला. आईने दारात उभे राहायचे जे काम केले होते, तेच तो छात्रालयात करत होता. असे उलटे होणेही शक्य होते. मी सोसले, आता तुम्हीही सोसा, असे म्हणणारे सीनियर आपल्याला काय कमी माहीत आहेत?

ही नोकरी सहाच वर्षे चालली. १९३० च्या सत्याग्रहात उडी घेण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला आणि तुरुंगात गेले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी, म्हणून आज आपल्याला 'गीता प्रवचने' वाचायला मिळतात. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते आणि त्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण धुळे, म्हणजे हे आपल्याच जिल्ह्यात घडले म्हणायला हरकत नाही. तामीळ मुलुखातल्या त्रिचनापल्लीच्या तुरुंगातही ते होते. तिथे त्यांनी तिरुवल्लुवरांचे 'कुरल' मराठीत आणले. भारतातल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात ही त्यांची आंतरभारतीची कल्पना पुढे प्रसिद्ध झाली. मला वाटते, तिचे बी परक्या भाषेच्या माणसांत राहिल्याशिवाय रुजले नसते. 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत लिहिली. मी ज्या नाशिकमध्ये मराठी बोलायला घाबरत वाढले त्याच गावात मराठीतले हे पुस्तक जन्मले, हे मला विसाव्या वर्षी कळले!

१९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना उघडावे म्हणून त्यांनी उपोषण केले, आणि ते दार उघडले. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले, ते आजही निघते. आणि ११ जून १९५० ला, पन्नाशी नुकतीच ओलांडली असताना, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. याबद्दल मोठ्यांनी बरेच लिहिले असेल. मी होस्टेलमध्ये राहणारी मुलगी म्हणून एकच सांगते. जो सगळ्यांची विचारपूस करतो, त्याचीही कुणीतरी विचारपूस करायला हवी. आपल्या मजल्यावर कायम हसणारी, सगळ्यांना चहा करून देणारी जी असते ना, तिलाही कधीतरी विचारा, तू बरी आहेस ना म्हणून. आणि ज्याला आतून जड वाटते आहे त्याने ते एकट्याने वाहू नये, मित्राला, सरांना, घरी, कुणाला तरी सांगावे.

आता ती मुलगी. तिचे नाव मी लिहिणार नाही.

फर्स्ट इयरला ती माझी रूम पार्टनर होती. अक्राणी तालुक्यातली, सातपुड्याच्या आतल्या एका पाड्यावरची. घरी पावरी बोलत. पहिलीपासून आश्रमशाळेत राहिलेली. त्यामुळे होस्टेलला रुळायचे म्हणाल तर ती माझ्यापेक्षा शंभरपटीने तयार होती. मेसची डाळ पाहून मी रडत होते तेव्हा ती शांतपणे जेवत होती. बादलीभर पाण्यात कपडे आणि आंघोळ कशी बसवायची हे मला तिने शिकवले. रात्री लाइट गेली की मी तिचा हात धरायची. पण लेक्चर इंग्रजीत सुरू झाले की गोष्ट उलटी व्हायची. तिथे मी राणी आणि ती मुकी. पावरीतून मराठीत ती लहानपणीच आली होती, एकटीने. आता मराठीतून इंग्रजीत यायचे होते, आणि फट सोडलेली नव्हती.

कम्युनिकेशन स्किल्सच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाने दोन मिनिटे बोलायचे होते. तिने रात्रभर पाठ केले होते, मी ऐकले होते. बोलता बोलता तिने हाइट हा शब्द हेट असा म्हटला. मी बेंचवरूनच मोठ्याने चूक सुधारली. मला वाटले मी मदत करते आहे. शाळेत आम्हाला असेच सुधारायचे. वर्ग हसला. ती थांबली, आणि उरलेले भाषण न करताच खाली बसली. त्या दिवसानंतर ती वर्गात बोलल्याचे मला आठवत नाही.

दिवाळीला घरी जाताना तिने तिची पत्र्याची ट्रंक बरोबर घेतली. दिवाळीला मुली बॅग नेतात, ट्रंक नेत नाहीत. मला ते कळले नाही. उलट बस स्टँडपर्यंत ट्रंकेला एका बाजूने हात मी लावला होता. धडगावची एस.टी. सुटली तेव्हा मी हात हलवून टाटा केला. ती परत आली नाही. नंतर कळले की अॅडमिशन रद्द केली.

तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते, की तिला झेपले नाही. आज हा शब्द मला लिहवत नाही. सहाव्या वर्षी आई सोडून राहिलेल्या मुलीला काय झेपत नाही? तिला माझे घर, माझी शाळा मिळाली असती तर तिने माझ्या पुढचा नंबर काढला असता. आणि मला तिची शाळा मिळाली असती तर मी पहिल्या आठवड्यात पळून आले असते. संस्कार दोघींवर झाले होते. फक्त कॉलेजचे दार माझ्या मापाने कापलेले होते.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. इथल्या बहुसंख्य मुलांची घरची भाषा पुस्तकातली मराठी नाही. कुठे पावरी, कुठे भिलोरी, कुठे मावची, कुठे अहिराणी, कुठे गुजरी. नर्मदाकाठच्या गावांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा सुरू केल्या, तिथे लहान मुलांना आधी त्यांच्या बोलीतून शिकवत. म्हणजे मध्ये फट सोडली होती. हे डिझाइन कुणाला सुचत नाही असे नाही, बहुतेक ठिकाणी करायचे राहून जाते.

या वर्षीची फर्स्ट इयरची बॅच आली आहे. माझ्या समोरच्या खोलीत मोलगीकडची एक मुलगी आहे. पहिल्या रविवारी मी तिला ड्रॉइंग शीट कशी लावायची ते दाखवायला गेले, आणि तिच्या भाषेत शीटला, पट्टीला, पेन्सिलीला काय म्हणतात ते विचारले. माझे उच्चार ऐकून ती पोट धरून हसली. तिला हसू दिले. आता ती माझ्यासमोर चुकीचे इंग्रजी बिनधास्त बोलते. दोघींच्या चुका सारख्या झाल्या आहेत.

प्राध्यापकांना आणि रेक्टर मॅडमना सल्ला देण्याइतकी मी मोठी नाही. मित्रमैत्रिणींना मात्र एक सांगते. या दिवाळीत कुणी ट्रंक घेऊन निघाले असेल, तर तिला हात लावण्याआधी एकदा विचारा.

तिचा मिनी ड्राफ्टर टेबलावर राहून गेला होता. तो अजून माझ्याकडे आहे. धडगावला जाणारे कुणी असेल तर मला भेटावे. शक्य झाले तर मी स्वतःच येईन म्हणते.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष (स्थापत्य)